शरीराची बांधणी आणि आतलं बळ: जपानी युद्धकलांच्या सरावाचा नेमका क्रम

ऐकिदो, कराटे, ज्यूदो कुठल्याही वर्गात हे दृश्य दिसतं. शिक्षक सहज उभे राहतात, एक धट्टाकट्टा विद्यार्थी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी रेटा देतो, आणि ते हलत नाहीत. लगेच सगळे जोड्या लावून तेच करू लागतात. एकजण दातओठ खाऊन ढकलतो, दुसरा दातओठ खाऊन उभा राहतो. थोड्याच वेळात खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, श्वास कोंडलेला असतो आणि पायांची बोटं जमीन घट्ट धरून बसलेली असतात. म्हणजे जे मोडायचं होतं तेच पक्कं झालं.

रेट्याची परीक्षा म्हणजे मोजमाप आहे. शरीराची बांधणी कुठे तुटते ते दाखवण्यापुरता तिचा उपयोग. ती जिंकायला लागलात की ती खोटं सांगू लागते. म्हणून या लेखात क्रमावर भर आहे: आधी अंग सैल, मग सांगाडा सरळ, मग श्वास ओटीपोटात, मग हलका रेटा, मग हात, मग हालचाल, आणि तंत्र सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा केला की वर्षानुवर्षं सराव करूनही खांद्याची ताकदच वाढत राहते.

‘आतलं बळ’ म्हणजे काय ते इथे साध्या शब्दांत धरू या. पायाखालून आलेला जोर गुडघा, खुबा, पाठ या वाटेने मधे कुठेही न अडकता हातापर्यंत पोचणं. असा जोर लावणाऱ्याचा खांदा आणि दंड सैल असतो, त्यामुळे जोर कुठून सुरू झाला ते समोरच्याला उमगत नाही. ‘की’, ‘कोक्यु’, ‘आइकी’ हे शब्द प्रत्येक घराणं आपापल्या अर्थाने वापरतं. सरावाला लागणारं शरीराचं काम मात्र पुष्कळसं सारखं आहे.

## सरावाआधीची तयारी

जमीन. उभ्याच्या सरावासाठी कडक, सपाट जमीन हवी आणि पाय अनवाणी हवेत. आपल्याकडे बहुतेक वर्गांत फरशीवर जाड फोमच्या चटया जोडून टाकतात. पडण्यासाठी त्या चांगल्या, पण पायाची चूक लपवतात. तळव्याचा भार कुठे आहे हेच त्यांच्यावर कळत नाही. त्यामुळे पहिले चार टप्पे फरशीवर करा आणि गुडघ्यांवर बसायचं असेल तेव्हाच चटईवर जा.

पट्टा. कापडी ओबी बेंबीखाली, खुब्यांवर टेकेल असा बांधा. कंबरेवर, बरगड्यांच्या जवळ बांधू नका. तिसऱ्या टप्प्यात श्वास नीट चाललाय की नाही ते हा पट्टाच सांगणार आहे.

वजनकाटा. घरी उभं राहून वजन करतो तो साधा काटा. जोडीदाराला किती जोर लावतोय याचा अंदाज येण्यासाठी हा लागतो, आणि जवळपास कुणीच तो वापरत नाही.

जोडीदार. उंचीने साधारण तुमच्याएवढा आणि सांगितलं तेवढंच करणारा. ‘थांब’ म्हटल्यावर हात तत्काळ सैल सोडणारा. ज्याला प्रत्येक वेळी जिंकायचं असतं त्याच्याबरोबर हा सराव सुरू करू नका.

वेळ. जेवणानंतर किमान दोन तास गेलेले असावेत. घोटे, खुबे आणि खांद्यांचे फरे पाच-सात मिनिटं मोकळे करून घ्या.

> इशारा: उच्च रक्तदाब, हर्निया, मणक्याची गादी सरकलेली असणं, गुडघ्याची ताजी दुखापत किंवा गरोदरपण असेल तर रेट्याच्या परीक्षा आणि गुडघ्यांवरचा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपाट्याने वर जातो, हे निरोगी माणसाच्याही बाबतीत खरं आहे.

## टप्पा १: अंग सैल करणं

पाय खांद्याएवढे अंतर ठेवून समांतर उभे राहा. जपानी वर्गात याला शिझेनताई म्हणतात, सहज उभं राहणं. खांदे कानांपर्यंत उचला, दोन श्वास तसेच धरा, आणि एकदम सोडा. असं तीनदा करा. नंतर मनगटं झटका, कोपरं झटका, आणि गुडघे किंचित वरखाली करून सगळं अंग हलू द्या.

आता जोडीदाराने तुमचा एक हात मनगटाखाली तळवा लावून आडवा उचलावा आणि न सांगता आपला हात काढून घ्यावा. तुमचा हात त्याच क्षणी, पूर्ण वजनानिशी खाली पडायला हवा.

तपासणी: हात हवेत क्षणभरही रेंगाळला, तर तो तुम्हीच उचलून धरला होता. खूपजणांना हे पहिल्यांदा पटत नाही, म्हणून फोनवर चित्रण करून दाखवा. दोन्ही हात सलग पाच वेळा पडेपर्यंत पुढे जाऊ नका.

नेहमीची चूक: सैल होणं आणि ढेपाळणं यांत गोंधळ. छाती आत गेली, पाठीला पोक आलं, मान पुढे आली, तर स्नायूंऐवजी सांगाडाच सोडून दिला. डोकं वर राहिलं पाहिजे आणि मांस तेवढं खाली लोंबलं पाहिजे.

## टप्पा २: सांगाडा सरळ करणं

इथे घाई करणारे पुढे सगळीकडे अडतात. खालून वर, याच क्रमाने जा.

१. तळवे. प्रत्येक तळव्यावर तीन जागा ओळखा: टाच, अंगठ्यामागचा उंचवटा, करंगळीमागचा उंचवटा. भार तिन्हींवर हवा. हळूहळू चवड्यांवर जा, मग टाचांवर, आणि या दोन टोकांच्या मधे जिथे बोटं आपोआप सैल पडतात तिथे थांबा. बोटांनी जमीन पकडायची नाही.

२. गुडघे. मागे दाबून कुलूपबंद केलेले नकोत, खोल वाकवलेलेही नकोत. मांडीचा पुढचा स्नायू हाताला मऊ लागेल इतपतच मोकळे. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला बघत असावी. गुडघे आत पडणं ही सगळ्यांत जास्त दुखापत करणारी सवय. ती इथेच दिसते आणि इथेच सुधारते.

३. खुबे. दोन्ही हातांची बोटं जांघेच्या घडीत ठेवा. उंच स्टुलावर टेकणार असाल तसे नाममात्र मागे-खाली बसा. बोटांखालची घडी किंचित खोल झाली पाहिजे. वाकायचं ते इथे. कंबरेत नाही.

४. ओटीपोट आणि माकडहाड. इथे कराटेवाल्यांना विशेष सांगायचं आहे. सांचिन या काटामध्ये (ठरलेल्या हालचालींच्या मालिकेत) माकडहाड आत घ्यायला शिकवतात, आणि विद्यार्थी नितंब आवळून ते पुढे खेचतात. नितंब आवळले की खुबा कुलूपबंद होतो आणि पायाचा जोर तिथेच संपतो. माकडहाड खेचायचं नसतं. कंबरेच्या खालच्या भागातला ताण सुटला की ते आपल्या वजनाने खाली येतं. पाठीचा खालचा भाग दिवसभर खुर्चीवर बसून आखडला असेल, तर आधी पाठीवर पडून गुडघे पोटाशी घ्या आणि तिथे एक-दोन मिनिटं श्वास घ्या.

५. बरगड्या. ‘छाती पुढे’ असं शाळेच्या कवायतीत ऐकलेलं असतं. इथे ते विसरा. खालच्या बरगड्या पुढे उघडलेल्या असतील तर पाठीचा कणा तिथे तुटतो. उसासा टाकल्यासारखा श्वास सोडा म्हणजे त्या खाली बसतील.

६. डोकं. हनुवटी किंचित आत, मानगूट लांब, टाळू वर. दोन्ही टोकांनी ओढलेल्या दोरीसारखा कणा: टाळू वर जातोय आणि माकडहाड खाली. या दोन उलट दिशा एकाच वेळी जाणवणं हा पुढच्या सगळ्या कामाचा गाभा आहे.

तपासणी: एका दोऱ्याला किल्ली बांधून जोडीदाराने तो तुमच्या बाजूला कानाच्या रेषेत धरावा आणि दुसऱ्याने फोटो काढावा. कान, खांदा, खुबा साधारण दोऱ्यावर यावेत आणि दोरा घोट्याच्या थोडा पुढे उतरावा. बहुतेकांचं डोकं दोऱ्याच्या पुढे आणि ओटीपोटही पुढे सापडतं. स्वतःला जे सरळ वाटतं ते सरळ नसतं, म्हणून फोटो लागतोच.

पाच मिनिटं उभे राहा, आठवड्याआठवड्याने दहापर्यंत न्या. मांड्या थरथरत असतील तर फार खाली बसला आहात. थोडे वर या. सहनशक्ती वाढवण्याचा हा व्यायाम नाही, आणि थरथरणारा स्नायू काही शिकू देत नाही.

## टप्पा ३: श्वास आणि ओटीपोट

बेंबीखाली तीन-चार बोटं, पोटाच्या आतल्या बाजूला, जपानी परंपरेत सेईका तांदेन मानतात. तिथे ‘ताकद लावा’ असं सांगितलं की लोक कुंथतात. घसा बंद, चेहरा लाल, पोट दगड. हे तांदेन नव्हे.

पाठीवर पडा, गुडघे वर, तळवे जमिनीवर. नाकाने श्वास घ्या आणि पट्ट्याकडे लक्ष द्या. पट्टा आधी पुढून भरेल. हळूहळू तो बाजूंनी, आणि शेवटी पाठीकडूनही जमिनीवर दाबला जाईल. पाठीकडून भरणं हे खरं काम, आणि ते यायला कित्येकांना आठवडे लागतात. श्वास सोडताना पट्ट्यावरचा भरलेपणा सगळाच जाऊ देऊ नका. थोडासा राहू दे. तो ठेवताना घसा उघडा हवा.

मग हेच उभ्याने करा. फरक लगेच दिसतो: उभं राहिल्यावर श्वास छातीत पळतो. तो परत खाली येईपर्यंत थांबा.

तपासणी: उभे राहून पट्टा भरलेला ठेवून मोठ्याने मोजा: इची, नी, सान, शी, गो. आवाज नेहमीसारखा मोकळा यायला हवा. तो चिरका झाला किंवा तुटला तर घसा बंद झाला. ही तपासणी पुढच्या प्रत्येक टप्प्यात करायची आहे, रेटा चालू असतानाही. कियाई, म्हणजे जोर लावतानाची आरोळी, बेंबीच्या देठापासून यावी असं म्हणतो, तिचा पाया हाच.

## टप्पा ४: हलका रेटा

आधी थोडा हिशेब, कारण तो माहीत नसल्याने सगळा गोंधळ होतो.

६० किलो वजनाचा माणूस समांतर पायांवर उभा आहे. त्याच्या शरीराचा भार टाचेच्या मागच्या कडेपासून साधारण १० सेंटीमीटर पुढे पडतो. छातीवर, जमिनीपासून १२५ सेंटीमीटर उंचीवर, समोरून आडवा रेटा आला. तो किती सहन होईल? ६० गुणिले १० भागिले १२५, म्हणजे पाच किलोपेक्षा थोडा कमीच. त्याहून जास्त रेट्याला माणूस मागे कलंडणार, मग त्याचे स्नायू कितीही पिळदार असोत.

तोच माणूस एक पाय मागे टाकून हान्मीत (एक पाय पुढे, एक मागे अशा पवित्र्यात) उभा राहिला आणि मागच्या टाचेची कड भाराच्या रेषेपासून ४० सेंटीमीटर मागे गेली, तर आकडा १९ किलोंच्या आसपास जातो. पवित्रा बदलला, माणूस तोच.

मग समांतर पायांवर उभे असलेले शिक्षक याहून जास्त रेटा कसे घेतात? दोन वाटा आहेत. एक खोटी: नकळत पुढे झुकणं. भार चवड्यांकडे गेला की आकडा दुपटीपर्यंत वाढतो, पण रेटा काढला की माणूस पुढे पडतो. दुसरी खरी: रेट्याची दिशा बदलणं. संपर्काच्या जागी शरीर अगदी किंचित खालून वर भरत जातं. ढकलणाऱ्याचे हात त्याच्या नकळत वर उचलले जातात आणि त्याचा भार तुमच्या पुढच्या बाजूवर येऊन बसतो. तो तुम्हाला मागे कलंडवण्याऐवजी जमिनीत रोवतो. शिवाय उचलला गेलेला माणूस पायांनी नीट ढकलूच शकत नाही. यात गूढ काही नाही, पण हे शिकायला अतिशय हलका रेटा लागतो. जड रेट्यात ही दिशा जाणवतच नाही.

आता क्रम:

१. जोडीदाराने वजनकाटा भिंतीला उभा टेकवून तळव्याने दाबावा: दोन किलो, मग तीन, मग पाच. डोळे मिटूनही तेवढाच दाब देता येईपर्यंत. उकेचं, म्हणजे रेटा देणाऱ्या किंवा पकडणाऱ्या जोडीदाराचं, हे शिक्षण टाळलं तर पुढे काही मोजता येणार नाही.

२. तुम्ही हान्मीत उभे राहा, डावा पाय पुढे. जोडीदाराने एक तळवा तुमच्या छातीच्या हाडावर ठेवून दोन किलोंचा दाब हळूहळू द्यावा आणि धरून ठेवावा. धक्का देऊ नये.

३. परत ढकलू नका. दाब छातीतून पाठीत, पाठीतून मागच्या खुब्यात, तिथून टाचेत जातोय का ते शोधा. मधे जिथे तो अडकतो तिथे काहीतरी आवळलेलं असतं. बहुतेक वेळा कंबर, नाहीतर मागचा गुडघा. ती जागा सोडा.

४. मागच्या टाचेत दाब स्पष्ट जाणवला की जोडीदाराने तीन किलो करावा, मग पाच. त्यापुढे पहिल्या महिन्यात जाऊ नका.

५. मग पाठीकडून, मग दोन्ही बाजूंनी खांद्यावर, शेवटी दोन्ही खांद्यांवरून सरळ खाली. खालचा दाब सगळ्यांत सोपा वाटतो, पण कणा वाकडा असेल तर तोच पहिल्यांदा सांगतो.

तपासणी, सगळ्यांत महत्त्वाची: जोडीदाराने मधेच, न सांगता हात काढून घ्यावा. तुम्ही जागचे हलता कामा नये. पुढे गेलात तर रेट्यावर रेलला होता. रेटा सहन झाला पण हात काढल्यावर पुढे झुकलात, तर ती परीक्षा नापास धरा.

> इशारा: धक्का, डोक्यावर किंवा मानेवर रेटा, आणि जोडीला तिसऱ्याचा रेटा या गोष्टी सरावात नकोत. सांचिनची तपासणी करताना विद्यार्थ्याच्या अंगावर सपासप मारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. बांधणी कळण्यासाठी तळव्याचा स्थिर दाब पुरतो, आणि नवशिक्याला मारल्याने तो फक्त आवळायला शिकतो.

## टप्पा ५: हात धडाला जोडणं

धड जुळलं तरी हात वेगळा राहतो, कारण आयुष्यभर आपण सगळी कामं खांद्यापासून पुढे केलेली असतात.

हात समोर करा, कोपर किंचित वाकलेलं, कोपराचं टोक जमिनीकडे. बोटं उघडी पण ताणलेली नाहीत. जोडीदाराने एक हात तुमच्या कोपराच्या घडीवर आणि दुसरा मनगटाखाली ठेवून हात दुमडायचा प्रयत्न करावा, हळूहळू. ऐकिदोचे शिक्षक तोहेई कोइची यांच्या शिकवणीतून जगभर पसरलेली ‘न वाकणाऱ्या हाताची’ परीक्षा ती हीच. दंडाचा पुढचा स्नायू आवळलात तर तुम्ही स्वतःच जोडीदाराला दुमडायला मदत करता. बोटांच्या टोकांतून दूर पोचायचं आहे, एवढंच मनात ठेवा. आणि लक्ष फऱ्याकडे: फरा पाठीवर खाली, बाजूला पसरलेला.

तपासणी: जोडीदाराने दुमडत असतानाच दुसऱ्या कुणी तुमचा दंड चिमटीत धरून बघावा. पुढचा भाग मऊ लागायला हवा.

ऐकिदोच्या योशिंकान या घराण्यातला हिरिकी नो योसेई हा सराव याच्या पुढची पायरी. पवित्र्यातून पुढचा पाय सरकवत पुढे जाताना दोन्ही हात खालून वर कपाळासमोर येतात, मागे जाताना खाली उतरतात. नावाप्रमाणे हे कोपराचं काम आहे, पण कोपर स्वतः काही करत नाही. पाय सरकतो, खुबा येतो, आणि त्यामुळे कोपर वर जातं. आधी हात उचलून मग पाय टाकणं ही शेकडा नव्वद विद्यार्थ्यांत दिसणारी चूक आहे असं मी बेधडक म्हणेन. ती मोडण्यासाठी जोडीदाराने मनगट हलकेच धरावं. हात आधी निघाला तर त्याला तो लगेच कळतो.

## टप्पा ६: हालचालीत बांधणी टिकवणं

फुनाकोगी, वल्हवण्याचा सराव. डावा पाय पुढे, दोन्ही मुठी सैल, खुब्यांपाशी. आधी खुबे पुढे जातात, भार पुढच्या पायावर येतो, आणि मग हात पुढे फेकले जातात. परत येताना आधी खुबे मागे, मग हात. दोन्ही टाचा जमिनीवर. ‘एइ’ ‘हो’ असा पुकारा करत तालात केलं की अनेकजण ताल पकडतात आणि क्रम सोडतात. म्हणून पहिले काही दिवस मुक्याने, अतिशय सावकाश करा: खुबे, थांबा, हात, थांबा.

तपासणी: हात जाण्याआधी थांबलात त्या क्षणी जोडीदाराने तुमच्या मुठींवर दोन किलोंचा दाब द्यावा. दाब मागच्या टाचेत पोचला तर पुढे जा.

शिको. सुमोतला पाय उचलून ठेवण्याचा सराव. दाइतो-र्यू या युद्धकलेच्या घराण्याचे सागावा युकियोशी (१९०२–१९९८) यांच्या स्वतःच्या व्यायामात शिकोला मोठं स्थान होतं. पाय रुंद, बोटं बाहेर, गुडघे बोटांच्याच दिशेने. भार पूर्णपणे एका पायावर आला की दुसरा आपोआप हलका होतो, आणि तोच उचलायचा. पाय किती उंच गेला याला काही किंमत नाही. घोट्याएवढा उचलला तरी चालेल, पण कणा बाजूला कलला नाही पाहिजे. ठेवताना आपटू नका. हळू ठेवा, आणि ठेवताना खुब्यात बसा. फरशीवर आपटलेला पाय गुडघ्याला आणि कंबरेला त्रास देतो. सुमोपटूंचा आखाडा मातीचा असतो, हे लक्षात असू द्या.

सुरी-आशी. सरकत चालणं. डोक्याची उंची बदलता कामा नये. एवढंच बघा.

## टप्पा ७: बसून कोक्यु-हो

कोक्यु-हो म्हणजे मनगटं धरलेली असताना श्वास आणि बांधणीच्या बळावर समोरच्याची बैठक हलवण्याचा सराव. इथे पहिल्यांदा खरा विरोध येतो. दोघे समोरासमोर सेइझात, म्हणजे गुडघ्यांवर, बसा. वज्रासन येणाऱ्याला बसणं अवघड नाही, पण गुडघे एकमेकांना न चिकटवता एक-दोन मुठींचं अंतर ठेवा, नाहीतर खुबे वळणार नाहीत. पोटरीवर बसवत नसेल तर मांडी आणि पोटरीमधे घडी केलेली चादर घाला. उठताना आधी चवडे खाली रोवून किझात या आणि मुंग्या जाईपर्यंत थांबा. बधिर पायावर एकदम उठून घोटा मुरगळणारे कमी नाहीत.

तुमचे हात मांड्यांवर. उके दोन्ही मनगटं वरून धरतो आणि स्थिर दाबतो. आता:

१. धरण्याआधीच श्वास पट्ट्यात, टाळू वर. धरल्यानंतर जुळवाजुळव केली तर उशीर झाला.

२. बोटं उघडा. दाइतो-र्यूमध्ये याला उमललेल्या फुलाचा हात म्हणतात. तळवा कडक होता कामा नये.

३. जिथे धरलंय तिथे झगडू नका. मनगट तसंच सोडा. जे धरलेलं नाही ते हलवा: कोपर किंचित खाली आणि आत, बोटांची टोकं वर आणि पुढे.

४. दिशा उकेच्या हातांतून त्याच्या खांद्यांकडे. सरळ छताकडे नाही. त्याची कोपरं सुटतील, खांदे चढतील आणि बैठक हलकी होईल. चौथ्या टप्प्यातलं ‘खालून वर भरणं’ ते हेच.

५. त्याची बैठक हलकी झाल्यावरच खुबे एका बाजूला वळवा, आणि गुडघ्यांवर त्याच्यामागे जा. बैठक हलकी होण्याआधी वळलात तर ती नुसती ओढाताण होते.

उकेच्या चुका तोरीच्या (तंत्र करणाऱ्याच्या) चुकांइतक्याच घातक आहेत. हात ठेवल्यासारखा ठेवून लगेच पडणारा उके काहीच शिकवत नाही. प्रत्येक क्षणी दिशा बदलून अडवणाराही शिकवत नाही. मनगट घट्ट धरावं, दाब तोरीच्या मध्याकडे एकसारखा ठेवावा, आणि आपली बैठक सुटली की सुटली हे प्रामाणिकपणे मान्य करावं.

तपासणी: अर्ध्यावर थांबा. उकेने एकदम हात सोडावे. तुमचे हात वर उडाले तर खांद्याने उचलत होता. जागेवर राहिले तर वाट बरोबर आहे.

## टप्पा ८: तंत्रात आणणं

इथे प्रत्येकाने आपापल्या कलेकडे वळायचं, म्हणून थोडक्यात.

बोक्केन (लाकडी तलवार), सुबुरी (तिचे एकट्याने घ्यायचे वार): पकड करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची. अंगठा आणि तर्जनी सैल. तलवार खाली येते ती खुबे बसल्याने. थांबवताना टोक थरथरलं तर खांद्याने थांबवलंत. सुबुरितो या जड लाकडी तलवारीकडे लवकर वळू नका. त्याच्या वजनाने खांदेच आधी जागे होतात.

कराटे, ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा): मूठ भिंतीला लावून, ठोसा जिथे संपतो त्या स्थितीत उभे राहा आणि मागच्या टाचेतून हळूहळू दाब वाढवा. मनगट वाकलं, कोपर बाहेर गेलं, खांदा मागे सरकला किंवा मागचा गुडघा आत पडला, तर वाट तिथे तुटली. भिंतीवर सावकाश जमल्याशिवाय माकिवारावर (ठोशांच्या सरावाच्या खांबावर) जोरात मारू नका.

ज्यूदो, उचिकोमी (फेकीपर्यंतची पुनःपुन्हा केलेली शिरण्याची हालचाल): बाही दंडाने ओढली की समोरचा घट्ट होतो. कोपर धडाशी जोडलेलं ठेवा, खुब्यांनी जागा बदला आणि त्या बदलाने कुझुशी (समोरच्याचा तोल मोडणं) घडू द्या. उचिकोमीची संख्या मोजणं थोडे दिवस बंद केलंत तर फरक लवकर दिसेल.

## रोजचा आराखडा

पहिला महिना: टप्पे १ ते ३, रोज वीस मिनिटं, एकट्याने. दुसरा महिना: त्यातली दहा मिनिटं तशीच ठेवून आठवड्यातून दोन-तीनदा जोडीदाराबरोबर टप्पे ४ आणि ५. तिसऱ्या महिन्यापासून ६ आणि ७. आठवा टप्पा वर्गातल्या नेहमीच्या सरावात मिसळा, पण निम्म्या वेगाने.

हे महिने अंदाजासाठी आहेत. तपासणी पार पडली नाही तर महिना संपला तरी पुढे जायचं नाही, आणि एखाद्या दिवशी बांधणी हरवली तर सरळ पहिल्या टप्प्यावर परत यायचं. दमल्यावर, झोप कमी झाल्यावर किंवा रान्दोरीत (मुक्त झटापटीत) मार खाल्ल्यानंतरच्या दिवशी ती हमखास हरवते.

दुखण्याची खूण अशी ओळखा: मांडीत, पोटरीत, फऱ्यांच्या मधे येणारा थकवा चालेल. गुडघ्याच्या आत, कंबरेच्या मणक्यात किंवा मनगटाच्या सांध्यात टोचलं तर त्या दिवशीचा तो टप्पा तिथेच थांबवा, दुसऱ्या दिवशी फोटो आणि दोऱ्यानिशी दुसरा टप्पा पुन्हा तपासा. दोन आठवड्यांतही तेच दुखत राहिलं तर रेटा पूर्ण बंद करून डॉक्टरांकडे जा.

रान्दोरी किंवा कुमिते (कराटेतली झुंज) खेळताना यातलं काही आठवायचा प्रयत्न करू नका. खेळ संपल्यावर लगेच, श्वास चढलेला असतानाच, जोडीदाराकडून छातीवर तीन किलोंचा दाब घ्या आणि मोजा: इची, नी, सान, शी, गो.